तारीख चुकवणारे सुभेदार

"सर, ईसीजी तर नॉर्मल आहे," टेक्निशियन म्हणाला.

मी पट्टी हातात घेतली. खरंच, ठोके अगदी तालात होते. मग काल सुभेदारांची जीभ तासभर लुळी पडली ती कशामुळे? हातातला चहाचा कप खाली पडला होता म्हणे. माझं डोकंच चालेना.

मी साताऱ्यात हार्ट सर्जन आहे. सुभेदार माण तालुक्यातले, फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते, आता रिटायर्ड. त्यांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात ठोके बेताल पडायचे. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. अशा कप्प्यात रक्त साकळतं, आणि गुठळी मेंदूत गेली की पॅरालिसिस. सात वर्षांपूर्वी मी त्यांची झडप दुरुस्त केली, त्याच वेळी मेझ ऑपरेशनही केलं. म्हणजे कप्प्यावर मुद्दाम चट्टे पाडायचे, मग हृदयातल्या विजेचा भरकटलेला प्रवाह तिथं अडतो.

दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायची. दर वेळी ईसीजी नॉर्मल. चोवीस तास ठोके नोंदवणारं मशीन दोनदा लावलं, तेही स्वच्छ. गेल्या वर्षी रक्त पातळ करायची गोळी मीच बंद केली.

आता काय चुकलं? मी फाईल पहिल्या पानापासून चाळायला घेतली. तारीख दिली सोमवारची, आले गुरुवारी. पुढची मंगळवारची, आले शुक्रवारी. एकदा नाही, कितीतरी वेळा. फौजी माणूस आणि तारीख चुकवतो? मी शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला विचारलं.

"काकू, हे दिलेल्या दिवशी का येत नाहीत?"

"आवं डॉक्टर, धडधड सुरू झाली की दोन-तीन दिस ऱ्हाती. तवा ह्ये घरातनं हालत न्हाईत. थांबली की म्हनत्यात, चल आता साताऱ्याला."

मी सुभेदारांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"सायेब, इन्स्पेक्शनला बिघडलेली गाडी कोन उभी करतंय? तुमी येवढं झकास काम केलं. त्येला डाग लागला आसता की वो."

माझं डोकंच सणकलं. "अहो सुभेदार, हे काय परेड ग्राउंड आहे? इथं बिघडलेलीच गाडी आणायची असते!"

ओरडून झालं आणि मलाच लाज वाटली. सात वर्षं नॉर्मल पट्टी बघून मी त्यांच्या पाठीवर थाप मारत होतो, "एक नंबर, सुभेदार!" त्यांची केस मीटिंगमध्ये मिरवलीही होती. मग ह्या माणसानं धडधड सांगायची कुठल्या तोंडानं?

गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. नशीब, जीभ पूर्ण सुटली होती.

दीड महिन्यानं एका बुधवारी सुभेदार तारीख नसताना ओपीडीच्या दारात उभे. घामानं शर्ट भिजलेला, तरी कडक सॅल्यूट.

"सायेब, आज बिघडलंय. माफी आसावी."

ईसीजी काढला. ठोके साफ बेताल. सात वर्षांतली त्यांची पहिली खरी पट्टी.

आता जुन्या पेशंटची फाईल उघडली की मी ईसीजी नंतर बघतो. आधी दिलेली तारीख आणि आलेली तारीख ताडून बघतो. आणि "एक नंबर" म्हणायचं सोडलंय.