अडचण नाही, असं मी वहीत लिहिलं

माझ्या भाचीने मला निवडलं ते माझ्या एका गुणामुळे. तो गुण असा की मला काहीही येत नाही. घरातला नळ गळायला लागला की मी आधी बादली लावतो आणि मग बायकोला हाक मारतो. एकदा पंख्याचं बटण बदलायला गेलो आणि आमच्या मजल्यावरचे सगळे दिवे घालवले. तीसेक वर्षं विम्याच्या कार्यालयात टेबलाशी बसलोय. स्टेपलरपलीकडचं हत्यार या हातांना माहीत नाही.

"म्हणूनच तू हवास, मामा," ती म्हणाली. "तुला जमलं तर कुणालाही जमेल."

ती आणि तिचा कॉलेजातला एक वसईचा मित्र, दोघांनी नोकऱ्या सोडून आंबिवलीला गाळा घेतला होता आणि तिथे ते स्पोर्ट्स कार बनवत होते. बनवत म्हणजे सुटी. सांगाडा, फायबरचं अंग, जुन्या छोट्या गाडीतून काढून नीट केलेलं इंजिन, वायरी, नट-बोल्ट, सगळं नंबर घातलेल्या खोक्यांतून गिऱ्हाइकाच्या घरी जाणार आणि गिऱ्हाईक पुस्तिका वाचून आपली गाडी आपणच जोडणार. दोन माणसांची, टप नसलेली, जमिनीला खेटून चालणारी. रस्त्यावर ती न्यायची नव्हती. ट्रॅकवर चालवायची, नाहीतर ज्याची मोठी मोकळी जागा असेल त्याने तिथे. आपल्याकडे असा छंद असलेली माणसं आहेत, फक्त त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही, असं या दोघांचं म्हणणं होतं.

गाडीचा आकार मित्राचा. पुस्तिका भाचीची, आणि सगळी मदार त्या पुस्तिकेवर होती. ठाण्यातल्या एका प्रदर्शनात बुकिंग सुरू करायचं होतं. त्याआधी एका सामान्य माणसाने केवळ पुस्तिका वाचून, एकट्याने गाडी जोडून दाखवायला हवी होती. तो सामान्य माणूस मी.

मी लगेच हो म्हणालो. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. दहावीनंतर तिला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करायचा होता. तेव्हा ताईच्या घरी चहा पिता पिता मी म्हणालो होतो, "पोरीला गॅरेजात पाठवणार आहेस का?" ताईने माझं ऐकलं. पोरीची दोन वर्षं कॉमर्समध्ये गेली आणि मग ती हट्टाने परत वळली. तिने तो विषय कधी काढला नाही. तिने काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

नियम साधे होते. फोन करायचा नाही, कुणाची मदत घ्यायची नाही, आणि अडेल तिथे वहीत लिहायचं. "लाजू नकोस," तिने बजावलं. "अडणं हेच तुझं काम आहे."

कोपर स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये खोकी आली. सोसायटीचे सेक्रेटरी फायबरच्या उपड्या अंगाभोवती दोनदा फिरले आणि त्यांनी विचारलं, "बोट आहे का हो?"

पहिल्या रविवारी मी तीन पानं पार केली. कशी केली मलाच कळलं नाही. भाचीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "मामा, तू तर भारीच निघालास!" माझ्या हाताने काही झालं म्हणून कुणी माझं कौतुक करावं, ही त्रेपन्न वर्षांत पहिली वेळ. तो फोटो मी दिवसभरात किती वेळा उघडून पाहिला ते सांगत नाही.

दुसऱ्या रविवारी चौथ्या पानावर अडलो. एक बोल्ट भोकात जाईना. मी त्याला हातोडीने समजावत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"जय भीम, साहेब. तो बोल्ट तुमचा वैरी आहे का?"

तळमजल्यावरचे शेजारी. मोहने गावच्या जुन्या कारखान्यात त्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली होती. ते खाली बसले, बोल्ट बाहेर काढला, डोळ्यासमोर धरून फिरवला. "जाड आहे. पुस्तकात चित्र बरोबर आहे, पण नंबर चुकीचा टाकलाय. सातव्या खोक्यात बघा." सातव्या खोक्यात बरोबर बोल्ट होता. "हे वहीत लिहा बरं का," ते म्हणाले.

मी वही उघडली. भाचीचं ते 'भारीच' आठवलं. आणि मी लिहिलं, 'अडचण नाही.'

पुढचे नऊ रविवार तसेच गेले. ते काम करायचे, मी टॉर्च धरायचो. बायको गॅलरीतून बघायची. "अहो, गाडी तुम्ही बांधताय की ते?" "दोघं," मी म्हणायचो, आणि तेही खरं नव्हतं. ते दर पानाला काहीतरी सांगायचे, हे उलटं छापलंय, इथे वॉशर सांगायला विसरलेत, आणि दर वेळी म्हणायचे, "लिहिलंत ना?" मी मान हलवायचो. वहीत एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात, 'अडचण नाही.'

एकाहत्तराव्या पानावर ब्रेक होते. ब्रेकच्या ऑइलमध्ये हवा राहिली तर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, म्हणून ती हवा काढावी लागते. एकट्याला ते जमावं म्हणून किटमध्ये झडप बसवलेली एक नळी आणि बाटली दिली होती. फिटरसाहेबांनी नळी हातात घेतली आणि बाजूला ठेवली. "हे खेळणं राहू द्या. तुम्ही पेडलवर बसा. मी दाबा म्हटलं की दाबायचं, धरा म्हटलं की धरायचं." एका तासात काम झालं. मी लिहिलं तेच, जे लिहीत आलो होतो.

प्रदर्शनात गाडी लाल रंगात उभी होती. मागे मोठा बॅनर. 'एकट्याने. घरच्या घरी.' आणि त्यावर मी, हातात पाना घेऊन. लोक येऊन हात मिळवत होते आणि मीही मिळवत होतो.

दुपारी एक दंतवैद्य आले. कर्जतकडे त्यांची जमीन होती. त्यांनी गाडी दात तपासावा तशी तपासली, वाकून, कोपऱ्याकोपऱ्यात. मग मला विचारलं, "ब्रेकचं कामसुद्धा तुम्ही एकट्यानेच केलंत?"

"हो," मी म्हणालो.

"मग मलाही जमेल. पहिल्या फेरीला मुलीला शेजारी बसवणार आहे. तिला कबूल केलंय."

ते पेन काढून बुकिंगच्या वहीकडे वळले. मी म्हणालो, "डॉक्टर, थांबा. मी नाही केलं."

भाची शेजारीच होती. "काय नाही केलंस?"

"ब्रेक. खाली राहणाऱ्या फिटरसाहेबांनी केले. मी पेडलवर बसलो होतो."

"अंकल, क्या बोल रहे हो?" मित्र हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतोय.

ती हसली नाही. "नळी वापरली का?"

"नाही."

"मामा, एकूण किती पानं तू केलीस?"

"तीन," मी म्हणालो. "आणि मागचं स्टिकर."

दंतवैद्यांनी पेन खिशात ठेवलं. भाचीने बुकिंगची वही मिटली. मित्र खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, निदान नावं तर घेऊ. पेजेस नंतर चेक करू. एवढी लोकं आलीयेत."

"ब्रेक आहेत रे ते," ती म्हणाली आणि स्टुलावर चढून बॅनर सोडवायला लागली. मी दुसरं टोक धरायला पुढे झालो. तिने धरू दिलं नाही.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी इमारतीत आली, पण बेल वाजवली ती तळमजल्यावरची. मी जिन्यात उभा राहून ऐकलं. फिटरसाहेब म्हणत होते, "मला वाटलं, साहेब तुम्हाला सगळं कळवत असतील. मी दर वेळी सांगायचो, लिहा म्हणून." त्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. त्या माणसाचं दहा रविवारांचं डोकं मी गिळून टाकलं होतं.

शिक्षा तिथेच ठरली. गाडी पूर्ण सोडायची. मी पुन्हा जोडायची, खरोखर एकट्याने. फिटरसाहेब खुर्ची टाकून बसणार, हात लावणार नाहीत, आणि वही त्यांच्याकडे.

अकराचे एकोणीस रविवार झाले. सेक्रेटरी येऊन जायचे. "बोट परत सोडली का?" फिटरसाहेब खुर्चीवर तळमळायचे. मी पाना उलटा धरला की त्यांचे हात आपोआप उचलले जायचे आणि ते स्वतःच ते मांडीखाली दाबून धरायचे. वहीची चाळीस पानं भरली. भाची ती घेऊन जायची आणि पुस्तिका बदलून आणायची. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची, पण बोलायची. गाडी बाजारात आली ती त्यानंतर, ठरल्याहून बऱ्याच उशिरा. दंतवैद्यांनीही घेतली, पण लगेच नाही. आधी दोन वेळा आंबिवलीला जाऊन बघून आले.

मला मात्र त्या सगळ्यातला एकच रविवार नीट आठवतो, एकाहत्तराव्या पानाचा. पान मी तीनदा वाचलं. नळी बसवली, बाटली लावली, चारही चाकांशी जाऊन सांगितलं होतं तेवढंच केलं. एकही चूक झाली नाही. शेवटी आत बसून पेडल दाबलं. ते लोण्यात गेल्यासारखं तळाला गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. नळीचं तोंड नीट घट्ट बसत नव्हतं आणि तिथूनच हवा परत आत जात होती.

फिटरसाहेबांनी लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली. 'पान ७१. साहेबांनी पुस्तकाप्रमाणे सर्व बरोबर केले. ब्रेक लागत नाहीत.'

फिटरसाहेबांनी फोन केल्यावर भाची आणि तिचा मित्र तासाभरात आले. ती आत बसली, पेडल दाबलं, पाय काढला, पुन्हा दाबलं. मग हात स्टिअरिंगवर ठेवले.

"प्रदर्शनात त्या दिवशी चार जण नावं द्यायला उभे होते," ती म्हणाली.

मग ती उतरली. "काका, दोघांनी मिळून कसं करतात ते दाखवा ना," फिटरसाहेबांना म्हणाली. ते जवळजवळ उडी मारूनच खुर्चीवरून उठले आणि चाकापाशी बसले. मी सवयीने पेडलकडे निघालो.

"तू नाही, मामा," ती म्हणाली आणि स्वतः आत जाऊन बसली. "तू वही घे. आणि जे दिसेल तेच लिही."