बाळांच्या घरी दोन लाईट आणि एक छत्री

फोटोग्राफर समोर असला की लोक जपून वागतात म्हणे. लग्नात वागत असतील. बाळाचा फोटो काढायला घरी गेलेल्या फोटोग्राफरकडे कोणी बघतसुद्धा नाही. सगळं घर बाळाकडे बघत असतं. सासू-सुनांची कुजबुज चाललेली असते, आजोबा बनियनवर असतात, आणि आपण कोपऱ्यात वायर सोडवत बसलेले असतो. त्यामुळे किस्से शोधावे लागत नाहीत, स्टँडला जळमटं लागून यावीत तसे घरी येतात. मित्र जमले की भिका ते सांगतो. तो माझ्यापेक्षा छान सांगतो, पण तिखटमीठ फार घालतो. म्हणून मी लिहितो आहे.

भिका कोण, ते आधी सांगतो. आम्ही दोघं एकाच वयाचे, धुळ्यात नानांच्या स्टुडिओत कामाला. मी आठवीतून शाळा सोडली होती. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी मान आपोआप खाली जाते. नानांचा कॅमेरा नेमका तसलाच होता. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत मान खाली घालून बघायचं. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वाटलं, हा आपल्यासाठीच कोणी तरी केला आहे. भिकाचं उलट. त्याचं तोंड बंद व्हायचं नाही. कोंबडा, बकरी, एसटीचा हॉर्न, सगळे आवाज तो काढायचा.

नानांनी मुंबईहून दोन लाईट आणले होते. फ्लॅशचे मोठे डबे, दोन स्टँड आणि एक पांढरी छत्री. लाईट छत्रीत मारायचा म्हणजे उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर पडतो. पण स्टुडिओत आणलेलं प्रत्येक बाळ रडायचं. अंधारी खोली, उकाडा, आणि समोर नानांच्या मिशा. एक दिवस मी धीर करून म्हणालो, "नाना, बाळ इथे रडतं, घरी हसत असतं. आपण लाईट घेऊन घरी गेलो तर?"

नानांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी इतकं लांब वाक्य त्यांच्यासमोर कधी बोललो नव्हतो. "दिवाळीपर्यंत जा," ते म्हणाले. "चाललं तर ठीक. नाही तर लाईट जळगावच्या व्हिडिओवाल्याला देऊन टाकतो, तो कधीचा मागे लागलाय. आणि तू डाळ मिलमध्ये जा. तुझ्या वडिलांनी तिथे जागा बोलून ठेवलीच आहे."

नाना बोलले की बोलले.

*

पहिलंच घर धुळ्यातलं. मी स्टँड लावला, छत्री बसवली आणि उघडली. चुलीपाशी बसलेल्या बाळाच्या आजी, अक्का, ताडकन उठल्या.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ? घरमा छत्री उघाडतस? आनी तीबी लेकरूना डोकावर?"

घरात छत्री उघडणं अशुभ, हे मलाही माहीत होतं. पण ही छत्री आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या लेखी तो लाईटचा भाग होता. मी मान खाली घातली. भिका पुढे झाला. "अक्का, ही पावसाची नही शे, ही उजेडनी शे."

"उजेडनी ऱ्हाव नही ते सोनानी ऱ्हाव. घरमा नही."

भिकाने तोडगा काढला. छत्री बाहेर ओट्यावर उघडायची आणि उघडीच आत आणायची, म्हणजे घरात उघडली असं होत नाही. अक्कांनाही ते पटलं. पण छत्री दारातून आत येईना. आडवी धरली, तिरकी धरली, एक काडी वाकली.

"मंग ऱ्हाऊ द्या तठेच उंबराबाहेर," अक्का म्हणाल्या. "आनी पोऱ्याले दारनासमोर बसाडा."

तसंच केलं. लाईट बाहेर, छत्री दारात, बाळ आत गोधडीवर. प्रिंट निघाली तेव्हा नाना ती खिडकीपाशी घेऊन गेले. दारातून सकाळचा उजेड यावा तसा बाळाच्या अर्ध्या चेहऱ्यावर उजेड होता, आणि उरलेला अर्धा हळूहळू सावलीत गेलेला.

"हे कोणी शिकवलं तुला?"

मी म्हणालो, "अक्कांनी."

तेव्हापासून कुठल्याही घरी गेलो की मी आधी दार बघतो.

*

नानांचा हात रिटचिंगमध्ये बसलेला. पासपोर्ट फोटोतले मुरूम, डाग, देवीचे व्रण, सगळं ते निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून घालवायचे. ते त्यांच्या बोटांतच भिनलं होतं. मी आणलेल्या एका बाळाच्या निगेटिव्हवर त्यांना गालावर मोठा डाग दिसला. तो त्यांनी इतका सुंदर घालवला की खूणसुद्धा राहिली नाही.

प्रिंट घेऊन गेलेले बाळाचे वडील तासाभरात परत. "नाना, आमच्या बाळाची तीट कुठे गेली?"

काजळाचं बोट नजर लागू नये म्हणून लावलेलं. बाळाच्या आईने फोटो हातात घ्यायला नकार दिला होता. बिनतिटेचं बाळ भिंतीवर लावायचं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर!

नाना म्हणाले, "लगेच काढून देतो," आणि ब्रश शाईत बुडवला. "कुठल्या गालावर होती?"

"ते मला काय माहीत? ते बाळाची आई करते."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी कॅमेऱ्याच्या काचेत तासभर बघितलं होतं, त्यामुळे अगदी ठामपणे सांगितलं, "उजव्या." त्या काचेत डावं ते उजवं दिसतं, हे मी रोज वापरूनही त्या क्षणी विसरलो. नानांनी सुरेख गोल तीट काढली. वडील खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी परत आले. आम्ही दोघंही उभे राहिलो.

"बाळाची आई म्हणते, चुकीच्या गालावर काढली. पण ही पुसू नका. दुसऱ्यावरही काढा. म्हणते, फोटो एवढा मोठा केलाय तर एका तिटेने भागायचं नाही."

*

सोनगीरला आबा नावाच्या एका आजोबांकडे गेलो, तर त्यांची नात हसेना. भिकाचा कोंबडा झाला, बकरी झाली, एसटी दोनदा स्टँडवरून सुटली. ती नुसती टक लावून बघत होती. आबा बाजेवर बसून वैतागले होते.

"तुमनाकडथीन नही व्हनार," ते शेवटी म्हणाले आणि सुनांना आत जायला सांगितलं. सुना गेल्या. दार लावून घेतलं. मग आबांनी डोक्यावरची टोपी काढली.

आबांचं डोकं तुळतुळीत. सुनांसमोर त्यांनी टोपी कधीच काढली नव्हती. पण नात रोज त्यांच्याजवळ झोपायची, तिला हे डोकं चांगलं माहीत होतं. टोपी निघाली आणि पोरगी खदखदून हसली. फ्लॅश उडाला. आबांनी टोपी घातली, दार उघडलं.

प्रिंट घेऊन आम्ही गेलो तेव्हा सगळं घर जमलं. नात दिसत होती दोन दात दाखवत. आणि तिच्या मागे कपाटाच्या आरशात काहीतरी गोल, चकचकीत. धाकटी सून पदर सावरत वाकली. "हाई काय शे मांगे?"

आबांचा चेहरा उतरला. मला तर जमीन दुभंगावी असं झालं. भिकाने फोटो तिच्या हातातून अलगद घेतला, लांब धरून बघितला.

"आमना लाईटना बल्ब शे."

आबा खाकरले. "चांगला बल्ब शे," ते म्हणाले, आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

*

जळगावला भिकाची मावशी राहायची. तिच्या नातवाचा फोटो काढला, तर शेजारणीने बोलावलं, मग तिच्या शेजारणीने. एका गल्लीत चार बाळांचे फोटो झाले. मी तर हवेत होतो. सगळे रोल धुऊन प्रिंट सुकायला लावल्या आणि नानांना दाखवायला बोलावलं.

नाना दोरीवरच्या फोटोंवरून नजर फिरवत गेले. "एकाच पोराचे एवढे कशाला काढलेस?"

"नाना, चार वेगळी बाळं आहेत."

"मग हा चांदीचा करदोटा? हे वाळे? हे टोपडं?"

मग माझ्या लक्षात आलं. प्रत्येक घरी फोटो संपेपर्यंत एक बाई दारात का उभी होती आणि फ्लॅश उडाल्याबरोबर बाळाला उघडं करून काय घेऊन जात होती, ते. सोनारांच्या गावातसुद्धा त्या गल्लीत बाळाचे दागिने एकच होते. भिकाला हे पहिल्यापासून माहीत होतं. म्हणाला, "मी कसाले सांगू? मावशीना शेतस."

*

इतकं सगळं झालं, तरी श्रावणानंतर बोलावणी आटली. पितृपक्षात तर बाळाचा फोटो काढायचं कोणी नावही काढेना. एक दिवस नानांनी लाईटचे डबे पुसून खोक्यात घातले आणि म्हणाले, "चांगलं काम केलंस. पण ही हौस आहे, धंदा नाही." व्हिडिओवाल्याला त्यांनी शब्द दिला होता.

दिवाळीच्या तोंडावर चोपड्याकडच्या एका गावातून निरोप आला. केळीवाल्या घरात नातू झाला होता. नाना म्हणाले, "हा एक काढू. मीही येतो. तिथून परस्पर जळगावला जाऊन लाईट देऊन टाकू."

एसटीत भिकाने लाईटचं खोकं सगळी वाट मांडीवर धरून ठेवलं.

घर मोठं होतं. म्हाताऱ्या आजोबांना सगळा गाव भाऊ म्हणायचा. बाळ न्हाऊन, काजळ घालून तयार. मी दार बघितलं, छत्री बाहेर लावली, लाईट जोडला. फ्लॅश भरला की डब्यावर तांबडा दिवा लागतो. तो लागेना. घरातला बल्बसुद्धा निखाऱ्यासारखा मंद होता. बाहेर शिवारभर केळीच्या बागांना पाणी चाललेलं, पाण्याच्या सगळ्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर. फ्लॅश भरायला वीजच पुरेना.

आम्ही वाट बघितली. बाळ कुरकुरायला लागलं. नानांनी घड्याळ बघितलं. "आवर," ते मला म्हणाले. "जळगावची गाडी जाईल."

भाऊ दारात उभे राहून ऐकत होते. "कसामुळे नही निंघत?"

मी मान वर केली आणि त्यांना सांगितलं. मोटारी, डीपी, तांबडा दिवा. सगळं. नाना माझ्याकडे बघत राहिले.

भाऊंनी चपला घातल्या आणि निघून गेले. आम्हाला वाटलं, रागावले. मी छत्री मिटायला गेलो तर भिकाने हात धरला. "थांब ना भो जरासा."

बराच वेळ काही झालं नाही. मग लांबची एक मोटार बंद पडल्यासारखी वाटली. मग जवळची. मग गिरणीचा आवाज थांबला. वीज असताना केळीचं पाणी कोणी बंद करत नाही, हे त्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. पण एकेक आवाज विझत गेला आणि गाव इतकं शांत झालं की बाळ रडायचं थांबून कान देऊन ऐकायला लागलं. घरातला बल्ब पांढरा झाला. डब्यावरचा तांबडा दिवा लागला.

मी मान खाली घातली, काचेत बघितलं आणि फोटो काढला. आणखी एक. आणखी एक.

भाऊ परत आले. "निंघना का फोटू?"

"निघाला भाऊ."

"मंग आते यासनाबी काढा."

मी बाहेर बघितलं. ओट्यावर, अंगणात, रस्त्यापर्यंत माणसं. ज्यांनी मोटारी बंद केल्या ते सगळे, हातापायाचा चिखल तसाच, आणि प्रत्येकाच्या बायकोच्या नाही तर आईच्या कडेवर नुकतं न्हाऊ घातलेलं, काजळ लावलेलं बाळ.

"बठ्ठासनं पानी बंद शे," एकजण सगळ्यांकडे हात करत म्हणाला. "तवढामा बठ्ठासना पोऱ्यासना काढी टाका."

दुपार गेली. जळगावची गाडी गेली, तिच्या नंतरचीही गेली. भिकाचा घसा बसला, तेव्हा नानांनी मिशीवरून हात फिरवला, आजूबाजूला बघितलं आणि स्वतः कोंबड्याचा आवाज काढला. आम्ही तो आवाज त्यांच्या तोंडून आधीही ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

शेवटचं बाळ झालं. मी वायर गुंडाळत होतो. एक म्हातारी नानांपाशी आली. तिच्याकडे दाखवायला बाळ नव्हतं.

"दादा, मनी सून पुढला महिनामा बाळंतीन व्हई. सव्वा महिना झाया का लाईट लई येशात ना?"

नानांनी खोक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बोट केलं.

"मला काय विचारता अक्का? त्याला विचारा. लाईट त्याचे आहेत."