वाजणारी गाडी इथून जात नाही

गॅरेजवाल्याच्या घरात जुना नटबोल्ट कोणी फेकत नाही. "राहू दे, कामात येईल," म्हणत डब्यात टाकतात, आणि डबा भरला की दुसरा आणतात. किस्स्यांचंही तसंच. माझं माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं. ऐंशीच्या सुमारास लग्न होऊन आले, तेव्हा छिंदवाडा रोडवर पुढं यांचं मोटारसायकलचं गॅरेज आणि मागं आमच्या दोन खोल्या. मधे नुसता पडदा! भाकरी थापता थापता सगळं ऐकू यायचं, त्यामुळे माझे डबे भराभर भरले.

यांचं नाव मधुकर, पण सारं गाव मधुभाऊच म्हणायचं. गॅरेजच्या दारावर यांनी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं : 'वाजणारी गाडी इथून जात नाही.' खुळखुळ ऐकली की यांना जेवण गोड लागायचं नाही. पाना हातात घेतला की शेवटच्या आट्यापर्यंत आवळणार. घरातही तेच. लोणच्याच्या बरणीचं झाकण यांनी लावलं, तर उघडायलाही यांनाच हाक मारावी लागे.

रामाकोन्याच्या शाळेत एक गुरुजी होते. रोज सौंसरहून मोटारसायकलनं जायचे. चेन जरा खाली लोंबते म्हणून ती यांनी अशी ताणली की बोटानं छेडली असती तर सूर निघाला असता. गुरुजी खुश होऊन गेले आणि भर दुपारी घामाघूम होऊन, गाडी ढकलत परत आले. रामाकोना यायच्या आतच चेन तुटली होती.

"काय झालं गुरुजी?" यांनी विचारलं.

गुरुजींनी आधी पाणी मागितलं. मग म्हणाले, "मधुभाऊ, तुमचं काम एक नंबर. एवढ्या दुरून धकलत आणली, पण गाडीनं हूं का चूं नाही केलं."

लोधीखेड्याकडचे संत्र्याचे बागाईतदार बापूरावांचा किस्सा तर बस स्टँडवर पुष्कळ दिवस चालला. त्यांच्या मागच्या ब्रेकचं पायडल दाबायच्या आधी थोडं खाली जायचं. तेवढी ढिलाई असावीच लागते, पण यांना ती बघवली नाही. यांनी ब्रेक असा आवळला की पाय न लावताही तो धरूनच राहिला. वाटेत चाकातून धूर निघाला. विहिरीवरच्या बायांनी घाबरून हंडाभर पाणी ओतलं, तर वाफेनं बापूराव दिसेनासे झाले म्हणे!

"अरे, मोटारसायकल चालवून राहिलो होतो का चूल, तेच समजे ना मले," बापूराव गॅरेजमधे येऊन सांगत होते.

यांनी शांतपणे विचारलं, "पण वाजली का?"

"वाजली नाही."

"मंग?"

गॅरेजच्या अगदी तोंडाशी एक बैलबंडी उभी असायची. ती माझ्या सासऱ्यांची, मामाजींची. मामाजी चाकं घडवणारे सुतार, आणि स्वतःचं कौतुक स्वतःच करण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. "माह्या चाकाच्या आवाजावरून बैल घर ओयखत होते," असं ते कोणालाही थांबवून सांगत. टायरच्या बंड्या आल्या आणि त्यांचं काम बसलं. शेवटची जोडी त्यांनी याच बंडीसाठी केली, पुढं लाकूड तासायचा वाकस हातात धरलाच नाही. दिवसभर ते बंडीच्या सावलीत पडून राहायचे.

यांना त्या जागी मोठ्या गाड्याही खालून दुरुस्त करायला खड्डा खणायचा होता. त्यावरून बापलेकात रोज ठिणगी पडे.

"बाबा, दिवाळीच्या आत हे हटवून टाकू. चाकं पाहा, कशी खडखड वाजतेत. लोक काय म्हणत असतीन मले?"

"वाजते म्हणून तं समजते का चालून राहिली," मामाजी म्हणायचे. मग दोघंही माझ्याकडं बघायचे, आणि मी चहा ठेवायला आत पळायची.

एक गोष्ट मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. मी नवी नवरी होते. मामाजी त्या शेवटच्या चाकावर लोखंडी धाव, म्हणजे भोवतीचा पट्टा, चढवत होते. धाव चाकापेक्षा लहान. कितीही ठोका, बसणारच नाही. गोवऱ्यांच्या जाळात ती लालभडक झाली आणि दोघांनी सांडशीनं उचलून ठेवली, तर अलगद बसली! वर पाणी ओतलं तशी चर्र करून ती आखडली आणि सगळं लाकूड करकरलं. मी तोंडाला पदर लावून बघतच राहिले. एवढं कठीण लोखंड, आणि ते वाढतं!

"तापलं का लोखंड फुगते, सूनबाई," मामाजी म्हणाले. "त्याले जागा लागते."

यांनीही लहानपणापासून हेच पाहिलेलं. पण यांनी त्यातलं आखडणं तेवढं उचललं.

त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली तेव्हा यांनी बंडी जळणासाठी द्यायची ठरवलं. लाकडाचा वखारीवाला सकाळी येणार, हे आदल्या दिवशी मामाजींना कळलं. ते जेवले नाहीत. बंडीखाली जाऊन पाठ करून पडले. मला इतकं वाईट वाटलं की यांच्या ताटात मी वाढलं, पण यांच्याशी बोलले नाही.

आणि त्याच दुपारी ती आली.

नागपूरकडून एक प्रचंड मोटारसायकल आली आणि दारात थांबली. मागचं चाक पंक्चर. डोक्यावरची टोपी काढली तर आत गोरी बाई! एकटी. माझ्याच वयाची असेल. पचमढीला निघाली होती. अर्धा बाजार गोळा झाला. मी पडदा बाजूला करून अशी उभी राहिले की तव्यावरची भाकरी जळाली. बाई एकटी एवढ्या दुरून येऊ शकते, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

यांनी पंक्चर काढलं. गाडी पुढं ढकलली, आणि यांचे कान टवकारले. पुढचं चाक टिकटिक वाजत होतं.

त्या चाकाला ब्रेकची उघडी लोखंडी चकती होती. तसली आमच्याकडं कोणी पाहिलीच नव्हती. चकती बाहेर, तिचं कडं आत, आणि दोन्ही जोडणारे बटणासारखे गोल रिबिट मधे. यांनी चकती धरून हलवली. ती चक्क हलली. टिक टिक.

"बाप रे. ब्रेकच ढिल्ला. अन् हे बाई घाटात जाऊन राहिली!"

बाई मागं माझ्याकडं तोंड धुवत होती. रिबिट ठोकून घट्ट करायला यांनी त्यावर छिन्नी टेकवली आणि हातोडा उचलला. यांचा जीव खरंच तळमळत होता, हे मी शपथेवर सांगते.

पहिलाच ठोका पडायच्या आत ती धावत आली, ओल्या तोंडानं, आणि तिनं आपला पंजा रिबिटवर ठेवला. हातोडा वरच थांबला. तिनं मान हलवली. मग पडद्याआडून दिसणाऱ्या माझ्या तव्याकडं बोट केलं, चकतीकडं केलं, आणि दोन तळवे हळूहळू एकमेकांपासून दूर नेले.

हे गोंधळून बघत राहिले. बाजार बघत राहिला. बंडीखालून आवाज आला :

"अरे मधू, हे तं धाव सांगून राहिली."

मामाजी उठून बाहेर आले. बाईला हातानंच बोलावून बंडीजवळ नेलं, चाकाला दोन्ही हात लावले आणि आसावर इकडून तिकडं सरकवलं. खट खट. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग आपल्या गाडीजवळ जाऊन चकती हलवली. टिक टिक. मामाजींनी पुन्हा चाक सरकवलं, तिनं पुन्हा चकती. त्या दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, आणि एवढी गर्दी कान देऊन ऐकत होती.

निघताना तिनं आमच्या वळणावर ब्रेक दाबला. टिकटिक तिथंच बंद, आणि ती एवढी मोठी गाडी जागच्या जागी उभी राहिली. तिनं मागं बघून हात हलवला आणि गेली. हे तिथंच हातोडा घेऊन उभे होते.

सकाळी वखारीवाला आला. बंडीभोवती फिरला, लाकूड ठोकून पाहिलं, आणि भाव पाडायचा म्हणून एक चाक धरून हलवलं.

"मधुभाऊ, हे तं पुरं ढिल्लं हाय."

हे एका गाडीची चेन लावत होते. वर न बघता म्हणाले, "ढिल्लं नाही. तेवढी जागा लागते त्याले."

"म्हणजे? द्यायची नाही का?"

"मी खड्डा तिकडं मागं खणून राहिलो."

मामाजी बंडीखाली डोळे मिटून पडले होते. झोपले असतील असं मला वाटलं. मग त्यांचा पाय हळूच चाकाकडं सरकला.

खट खट.