पिवळं सफरचंद

गोल्डन सफरचंद चिरलं की त्या वासासरशी पाचोऱ्याजवळच्या खेड्यातलं आमचं घर आठवतं. घरचीच केळी होती, त्यामुळे विकतचं फळ कोणी आणत नसे. सफरचंद यायचं ते फक्त आजाऱ्यासाठी. एका संध्याकाळी वडील जळगावहून आले ते पिशवीभर सफरचंदं घेऊनच. लाल डेलिशस मला भुसभुशीत लागलं, पिवळं गोल्डन मात्र इतकं रसाळ, की मी आधाशासारखी खात सुटले. आई हातही लावेना. “कोन बिमार शे?” तिने विचारलं. “कोनीच नई. बठ्ठा खा,” वडील आम्हा सगळ्यांनाच म्हणाले. आईने त्यांचा चेहरा निरखला, विळीवर एक फोड चिरली आणि त्यांच्याच हातावर ठेवली. एरवी आपला वाटा आम्हा पोरांना देणाऱ्या वडिलांनी ती स्वतःच खाल्ली. आजही मला गोल्डनच आवडतं; पण कोणी घरी आणलं, की मी आधी आणणाऱ्याचा चेहरा बघते.