घंगाळाच्या तळाशी

ती फिर्याद आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. 'जुनी तांब्या-पितळेची भांडी, नग सव्वीस.' एवढेच वर्णन. खाली सही आणि संशयिताच्या रकान्यात एका बाईचे नाव.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोलीस निरीक्षक होतो. गावातल्या एका शिक्षकांनी आयुष्यभर घरोघर फिरून जुन्या वस्तू गोळा केल्या होत्या. शेवयांचा पाट, पायल्या, अडकित्ते, फणी-करंड्याच्या पेट्या, समया, घंगाळे. वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांनी हा वस्तुसंग्रह मांडला. ते वारल्यावर एक समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष झाले गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ. फिर्याद त्यांचीच होती. कुलूप तुटलेले नव्हते. किल्ल्या दोन होत्या, एक समितीकडे आणि एक खोल्या झाडणाऱ्या बाईकडे. बाई पेठकडच्या डोंगरातली, विधवा, पन्नाशीची.

"साहेब, सरळ मामला आहे. हिसका दाखवा, बोलेल," अध्यक्ष म्हणाले.

मी हिसका दाखवला नाही, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. पण तीन दिवस तिला सकाळी बोलावून ठाण्याच्या ओसरीवरच्या बाकावर बसवले आणि दिवस मावळायच्या आत सोडले. ठाणे भर बाजारात होते. भाजी घ्यायला येणारी प्रत्येक बाई तिला पाहून जायची. पहिल्याच दिवशी समितीने तिला कामावरून कमी केले.

जबाब घ्यायला माझे हवालदार बसले. जुने, अनुभवी, पण घाईचे.

"काय काय नेलंस, सांग."

"म्या नाय नेलं. पर गेलंय काय ते सांगते. चंद्रभागाचा तांब्या गेला. गंगूचा गडवा. ठकूबाईचं घंगाळ. सखूची परात."

हवालदारांनी मान वर केली. "साहेब, टोळी दिसतेय. चार बाया झाल्या." मग तिच्याकडे वळून, "राहतात कुठं ह्या?"

बाई हसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच. "दादा, त्या मेल्या. लय वरसं झाली. भांड्यांवर नाव हाय त्यांचं."

"तुला वाचता येतं?"

"नाय. मास्तर सांगायचे. मी चिंचेनं घासायची, ते बाजूला बसून सांगायचे. हे हिला माहेरून आलं, हे हिच्या बाळंतपणात घेतलं. सव्वीसच्या सव्वीस सांगू?"

तिने सांगितली. मी खुर्ची ओढून जवळ बसलो आणि स्वतः लिहून घेतली. चोरलेल्या मालाचे इतके प्रेमाने वर्णन करणारा चोर मी नोकरीत पाहिला नव्हता. फिर्यादीला आपल्या संग्रहातल्या एका तांब्याचेही वर्णन देता आले नव्हते.

ती यादी घेऊन हवालदार नाशिकच्या भांडी बाजारात गेले. 'नग सव्वीस' विचारत फिरले असते तर लोकांनी हसून वाटेला लावले असते. नावे वाचून दाखवली तेव्हा तिसऱ्याच दुकानात एका म्हाताऱ्या तांबटाने हातातली हातोडी खाली ठेवली.

"ही नावं मीच काढली हो. नावासकट भांडं आम्ही भट्टीत टाकत नाही, आधी घासून काढतो. एवढी बायकांची नावं एका दिवसात कधी काढली नव्हती, म्हणून ध्यानात राहिलं."

भांडी मोडीत घालून त्यांच्या बदल्यात नवी नेली होती. आणणारा जीपमधून आला होता. मुलीच्या लग्नाचे रुखवत मांडायचे होते. घंगाळ मात्र सुबक होते, म्हणून ते वितळवू दिले नाही. जुने नाव काढून त्यावर मुलीचे नाव घालून घेतले.

जीप आणि मुलीचे ठरलेले लग्न, दोन्ही गावात एकाच घरी होते. आम्ही अध्यक्षांच्या घरी गेलो. घंगाळ दिवाणखान्यात होते, लखलखीत.

"हे आमचं आहे. नाव वाचा की," अध्यक्ष म्हणाले.

बाईला बोलावले. तिने नावाकडे पाहिलेही नाही. "उपडं करा," म्हणाली. "लग्नाकार्यात भांडी उसनी जायची, तवा ज्याची त्याची खूण तळाला असायची. ठकूबाईची तीन टिंबं हायेत."

पंचांसमक्ष घंगाळ उपडे केले. तीन टिंबे होती. तळ फक्त घासणारीला माहीत असतो.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर लाज दिसेल असे मला वाटले होते. दिसला तो त्रासिकपणा. "अहो साहेब, मोडीतल्या वस्तू त्या. कुणाच्या कुठल्या आज्यांचे तांबे. सोनं होतं का?"

"मग फिर्याद कशाला दिलीत?"

"सरकारी पाहणी येणार होती. नग कमी कसे, ते दाखवायला नको? आणि बाईचं काय, दोन महिने आत राहून आली असती."

हे वाक्य त्यांनी चहाचा कप पुढे सरकवत म्हटले. खून करणारा माणूस निदान घामाघूम होतो. याच्यासाठी ती बाईही एक नगच होती.

दोषारोपपत्र मी पाठवले. पाठवू नये म्हणून फोन आले, ते स्टेशन डायरीत नोंदवले. पुढे खटला रेंगाळला, माझी बदली झाली. संग्रहाच्या दारावर त्या गृहस्थांच्या नावाची संगमरवरी पाटी मी शेवटी पाहिली तेव्हाही होती. ठकूबाईचे नाव मात्र कानशीने गेले ते गेलेच.

दोषारोपपत्र गेले त्या दिवशी घरी जेवताना मी हे पत्नीला सांगितले, थोडे फुशारकीनेच. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "तीन दिवस बाकावर सगळ्यांनी पाहिलं तिला. सुटलेली कुणी पाहिली?"

पुढच्या आठवडे बाजाराच्या दिवशी मी गणवेशात त्या बाईबरोबर ठाण्यापासून संग्रहापर्यंत चालत गेलो. वाटेत मुद्दाम थांबलो, भाजीवाल्यांशी बोललो. समितीच्या चिटणीसांनी दारात तिच्या हातात किल्ली दिली. घंगाळ तेवढे परत आले होते, आत बाकीच्या पंचवीस जागा रिकाम्या होत्या. ती एकेका जागेवर बोट ठेवून नाव सांगत गेली, मी चिठ्ठ्या लिहून चिकटवत गेलो. या लेखात मी कुणाचे नाव लिहिलेले नाही, फक्त तिने सांगितलेली चार लिहिली आहेत. ती पुसायचा अधिकार कुणालाच नव्हता.

पत्नी गेल्या वर्षी गेली. तिच्या माहेरचा एक तांब्या घरात आहे. त्यावरचे नाव मी चाळीस वर्षे रोज वाचत होतो. परवा घासायला घेतला तेव्हा प्रथमच उपडा केला. तळाशी एक लहानसे पान कोरलेले आहे. ते कशाची खूण आहे, हे विचारायला आता कुणी नाही.