हौगांगचे ओले वेडे

पळणाऱ्या माणसांना किस्से शोधावे लागत नाहीत. मुसळधार पावसात भल्या पहाटे चार मराठी माणसं रस्त्यावर पळत असली, की किस्साच त्यांच्या मागे लागतो! आमच्याकडे आता इतके साठलेत की ग्रुपमध्ये कोणी नवीन आलं, तर पळणं राहतं बाजूला आणि गप्पाच सुरू होतात.

सिंगापूरला हिवाळा नसतो म्हणतात. असतो की! डिसेंबर-जानेवारीत दिवसेंदिवस पाऊस, पारा तेवीसवर, आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, लोक जाकिटं घालून काकडून बसलेले. शहाणी माणसं या दिवसांत पांघरूण सोडत नाहीत. मी सोडलं, कारण माझ्या पोटाचा प्रश्न होता. दोन्ही अर्थांनी म्हणा हवं तर.

मी जहाजावर चीफ इंजिनिअर. बोटीवर चढायचं तर मेडिकल पास व्हावं लागतं. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी माझी शुगर, बीपी आणि ढेरी बघून 'तात्पुरता अनफिट' असा शेरा मारला. जानेवारीत परत तपासणी. तेव्हाही नापास झालो, तर सव्वीस वर्षांची नोकरी खलास. दुसरं काही मला येत नाही हो!

मग माझ्या बायकोनं, सुजातानं, मला आमच्या हौगांगच्या ब्लॉकमधल्या पळणाऱ्यांच्या हवाली केलं. ती स्वतः पळत नाही. "समोरून बस सुटली तरी मी पळत नाही, पुढची येतेच," हा तिचा बाणा. ग्रुपमध्ये तेव्हा तिघंच होते. आंग मो किओला आयटी कंपनीत मॅनेजर असलेला पुण्याचा जोशी, शाळेत शिकवणाऱ्या शुभदावहिनी, आणि तुआसच्या जहाजांच्या यार्डात काम करणारे त्यांचे अहो, प्रकाश. प्रकाश दिवसातून चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन फोनवर.

*

पहिल्याच दिवशी साडेपाचला उठलो, तर बाहेर आभाळ फाटलेलं. सुटलो बुवा, म्हणत जोशीला फोन लावला.

"अरे, पाऊस पडतोय."

पलीकडून शांत पुणेरी आवाज आला, "चीफ, खिडकी आमच्याही घराला आहे!" आणि फोन बंद.

पंधरा मिनिटांत मी खाली हजर.

*

इंजिनवाल्याच्या सवयी जाता जात नाहीत. जहाजाचं मोठं इंजिन थंड असताना एकदम लोड देत नाहीत, आधी काही तास गरम करतात. मीही आमच्या व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, शिस्तीत वॉर्मअप सुरू केला. मान, खांदे, कंबर, गुडघे, घोटे. मग पुन्हा मान. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

दुसऱ्यांदा घोट्यांपर्यंत पोचलो तेवढ्यात तिघं निथळत परत आले.

"भावोजी," शुभदावहिनी म्हणाल्या, "बोट गेली आणि परतसुद्धा आली! तुमचं इंजिन कधी लागतंय?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला मध्ये घातलं. पुढे जोशी, मागे नवरा-बायको. पळून जायला वावच नाही.

*

विजा चमकायला लागल्या की मात्र आम्ही थांबतो. वेडे असलो तरी मरायची हौस नाही! एकदा असाच कडकडाट सुरू झाला म्हणून समोर दिसेल त्या ब्लॉकखाली घुसलो, आणि बघतो तर तिथे एका चिनी कुटुंबातली मयत. शवपेटी, फोटो, उदबत्त्या, जागून थकलेले नातेवाईक. आणि त्यांच्यात आम्ही चौघं, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावरून पाण्याच्या धारा! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काय करणार, फोटोला हात जोडून उभे राहिलो. एक आजीबाई उठल्या. त्यांचाच नवरा गेला होता, हे मागाहून कळलं. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, गरम चहा दिला, शेंगदाणे पुढे केले. "सो बिग रेन! ड्रिंक फर्स्ट लाह!" निघताना प्रत्येकाच्या हातावर एकेक लाल दोरा ठेवला.

जोशीला भरून आलं. त्यानं तो दोरा मनगटाला बांधला आणि माझ्याकडून दोन गाठी मारून घेतल्या. देवाचा दोरा आपण काढतो का कधी? आपोआप तुटेपर्यंत ठेवतो.

तीन आठवड्यांनी ऑफिसातल्या चिनी सहकाऱ्यानं त्याला हळूच विचारलं, "बॉस, तुमच्या घरात अजून कोण कोण गेलं?" मयतीहून निघालं की घरात शिरायच्या आधीच तो दोरा टाकून द्यायचा असतो, हे तेव्हा कळलं. आणि मधल्या काळात हा पठ्ठ्या तोच हात घेऊन दोन घरच्या वास्तुशांतीला जेवून आला होता!

आम्ही हसून हसून लोळलो. पण त्या आजीबाईंची आठवण आली की मला अजूनही गलबलतं. स्वतःचं एवढं दुःख समोर असताना त्यांनी आम्हाला चहा पाजला.

*

डिसेंबरच्या मध्याला मी हाय खाल्ली. इतके आठवडे पळूनही शुगर ढिम्म हलत नव्हती. त्यात सहा दिवस सलग पाऊस. सातव्या दिवशी मी सुजाताला म्हणालो, "झोपलोय म्हणून सांग."

बेल वाजली. दारात शुभदावहिनी. मी पांघरुणात कान टवकारून पडलेलो.

"झोपू दे गं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "आम्ही खाली जागच्या जागी पळतोय. थांबलं की गारठायला होतं, म्हणून थांबता येत नाही. ते आले की निघू."

आणि गेल्या!

नवव्या मजल्यावरून वाकून पाहिलं. तिघंही दिव्याच्या खांबाखाली पावसात जागच्या जागी उड्या मारताहेत. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. शेवटी प्रकाशनं वर बघून त्या दिवसाचं चौथं वाक्य खर्ची घातलं, "चीफ, मला आठला तुआसला पोचायचंय!"

मी बूट चढवले. नात्याची ना गोत्याची माणसं, माझ्या शुगरचं यांना काय पडलं होतं? लिफ्टमध्ये नाडी बांधताना डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

*

जानेवारीत मेडिकल. डॉक्टरांनी बीपी घेतलं. परत घेतलं. रक्ताचे रिपोर्ट चाळले, मला वजनकाट्यावर दोनदा उभं केलं.

"काय केलंत काय तुम्ही?"

"रोज पहाटे पळालो, डॉक्टर."

"या पावसात? वेड लागलंय का?"

"हो!" मी छाती काढून म्हणालो.

डॉक्टरांचं पेन थांबलं. माझी नजर फॉर्मवर गेली. पुढचा रकाना होता मानसिक आरोग्याचा!

"म्हणजे... ट्रेडमिलवर, डॉक्टर."

'फिट' असा शिक्का बसला. बाहेर येऊन पहिला फोन सुजाताला केला, दुसरा जोशीला. जोशी म्हणाला, "अभिनंदन. उद्या पावणेसहा." देव भलं करो त्याचं!

*

महिनाअखेरीला बोट मिळाली. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यासमोर नांगरलेली होती, सकाळी सातला निघणार होती. मी तळाशी, इंजिनच्या कंट्रोल रूममध्ये. तिथे खिडकी नसते. वर ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, कॅप्टन वेगाचा हुकूम देतात, तो आमच्या टेलिग्राफवर उमटतो आणि घंटी वाजते. आमचे कॅप्टन लखनौचे, वेळेचे इतके पक्के की चहा मिनिटभर उशिरा आला तर परत पाठवतात.

नांगर उचलला, बोट हलली. तेवढ्यात ब्रिजवरून फोन. कॅप्टन स्वतः.

"चीफ साब, बीच पर चार पागल बारिश में भाग रहे हैं. जहाज के साथ-साथ. चादर हिला रहे हैं. आपके कोई हैं?"

"चार? सर, दुर्बीन से ठीक से देखिए."

"तीन आगे हैं. एक मॅडम बहुत पीछे है, छाता लेके. छाता उलटा हो गया... फिर भी भाग रही है."



"सर, स्पीड कितना है?"

"पाँच नॉट."

"थोड़ा कम हो सकता है?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग टेलिग्राफची घंटी वाजली, आणि काटा 'स्लो'वरून 'डेड स्लो'वर आला.