घेवड्यातून आलेला चेंडू

परवा कोरेगावहून मामीने धाडलेली घेवड्याची पिशवी उघडली आणि सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरात रानाचा वास पसरला. वाळल्या शेंगांचा, कोरड्या मातीचा, किंचित उग्र. परातीत घेवडा ओतताना काहीतरी ठक्कन वाजलं. पाहिलं तर गोल्फचा चेंडू. पिवळा पडलेला, खळग्यांत माती बसलेली आणि एका अंगाला लाल रंगाचा पुसट ठिपका. तो ठिपका मामांचा, आपल्या प्रत्येक चेंडूवर ते खूण म्हणून लावायचे. मी परात तशीच सोडून खुर्चीवर बसलो.

मामा फौजेत होते. छावणीतल्या मैदानाची देखभाल करता करता हा खेळ शिकले आणि निवृत्त होऊन गावी आले ते जुन्या काठ्या आणि पिशवीभर चेंडू घेऊनच. भुईमूग निघाला की मोकळ्या रानात डबे पुरून आम्ही मामा-भाचे खेळायचो. "सुभेदार, ह्यो कसला इटीदांडू? इटी कुटं हाय?" असं बांधावरून कुणी विचारलं, की मामा म्हणायचे, "इटी दिल्लीला ऱ्हायली, गड्या." त्यांचा एक नियम मात्र छावणीतला नव्हता. चेंडू दुसऱ्याच्या उभ्या पिकात गेला, की तो त्या रानाचा. शोधायला आत पाऊल घालायचं नाही. सुगीत तो आपसूक परत यायचा. काढणीच्या बाया ओच्यातून आणून मामीपुढे टाकायच्या, "घ्या, तुमच्या धन्याची अंडी."

पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड करून, कुणालाही खेळता येईल असं गोल्फचं मैदान झालं आणि मामांना तिथली एक फेरी खेळायची आस लागली. दर दिवाळीत आम्ही ती आखायचो, जेवणाच्या ताटात. भाकरीचा तुकडा म्हणजे टेकाड, आमटीची वाटी म्हणजे तळं. "वारा दुपारी खोऱ्यातनं वर चढतो. त्याच्या आत दरीकडचं उरकायचं," असं म्हणत ते बोटाने शेंगदाणा ढकलत न्यायचे, आणि मामी पलीकडून ओरडायची, "आवं, जेवा आता, आमटी गार झाली!" मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात नक्की जाऊ. सांगलीहून पाटण म्हणजे काही परमुलूख नव्हे. पण कधी कचेरी आडवी आली, कधी मुलांच्या परीक्षा, कधी नुसता कंटाळा. खरं सांगायचं तर मला वाटायचं, मामा आहेतच आणि मैदानही कुठे जात नाही. मग त्यांचे गुडघे गेले. मग तेही गेले. मैदान तेवढं आहे.

संध्याकाळी मामीला फोन लावला. "शेजारच्या घेवड्यात घावला," ती म्हणाली. "म्हटलं, त्यांच्या जोडीदाराला धाडावा." जोडीदार हा शब्द मला झेपला नाही. मनात साठलेलं बोलून गेलो, की मामी, मी त्यांना नेलं नाही गं.

"न्हाई नेलंस, व्हय. लय वाट बघितली त्यांनी." तिने सारवासारव केली नाही, आणि नवल म्हणजे मला त्यानेच हलकं वाटलं. "आता मला ने. एवढं काय हुतं तितं, बघू तरी दे. आन् उनाच्या आत ने रं. वाऱ्याचं तुमचं तुमी बघा."

रविवारी जायचं ठरलंय. आज न्याहारीच्या ताटात मी ती फेरी पुन्हा आखली. मामी कुठल्या सावलीत बसेल, शिदोरी कुठे सोडायची, हे यंदा आधी. दरीकडचा फटका मामांच्या चेंडूने मारावा का, यावर मात्र बराच वेळ अडलो. काठाशी गवत माजलेलं असतं. तिथे सुगी नाही, ओच्यातून परत आणणाऱ्या बाया नाहीत. वाटलं, कपाटात ठेवावा, जपून.

मग चेंडू धुतला, ठिपक्याला धक्का न लावता, आणि काठ्यांच्या पिशवीत टाकला. दरीत गेला तर गेला. न खेळता जपून ठेवणं मी एकदा करून बसलो आहे.